तुंगार्लीचं बाक

अरुंधतीनं फांदीची साल ओढून काढली आणि नसीरनं ती फांदी बाकाच्या पायाला सुतळीनं आवळली. १९३७ सालची मे महिन्याची सुट्टी होती, तुंगार्लीला काकांच्या घरी. सुताराला न बोलावता रानातल्या फांद्यांचंच बाक करायचं, असं दीनानाथकाकांनी ठरवलं होतं. फांद्या त्यांनी एका गाडीवानाकडून न बघताच घेतल्या होत्या. काका वेताच्या खुर्चीतून सूचना करत. राबत होती ती अरुंधती, तिची नऊ वर्षांची बहीण सरोजिनी आणि शेजारचा नसीर. हात काळे झाले तरी मजा येत होती. स्वयंपाकाला भाजे गावच्या मुक्ताबाई होत्या. त्यांच्या पिठलं-भातावर दोघी बहिणी तुटून पडत.

तिसऱ्या सकाळी सरोजिनीचा चेहरा सुजला. डोळे उघडेनात. हातांवर फोड आले आणि आग होते म्हणून ती कळवळू लागली. डॉक्टरांनी औषध दिलं, पण कारण त्यांनाही कळेना. पिठल्यातूनच काहीतरी पोटात गेलं, असं काकांनी ठरवून टाकलं आणि मुक्ताबाईंना कामावरून काढलं.

"मी बी त्येच खाल्लं, साहेब," एवढंच म्हणून त्या स्टेशनाकडे निघाल्या. अरुंधती मध्ये बोलायला गेली, तर मोठ्यांच्या कामात तोंड घालू नकोस म्हणून काकांनी तिला गप्प केलं. रात्रभर बहिणीचं कण्हणं ऐकत ती नुसती पडून राहिली.

सकाळी नसीर आला. त्याच्याही तळहातांवर फोड होते. तो तर घरी जेवत असे! म्हणजे जेवणाचा दोष नव्हता; असलाच तर फांद्यांचा. दोघांनी काकांना ते सांगितलं, पण त्यांनी ऐकून घेतलं नाही. शेवटी दोघांनी सालीचा तुकडा कागदात गुंडाळला, गाडीनं मळवली गाठली आणि तिथून चालत भाजे. रानातली झाडं मुक्ताबाईंना ठाऊक असणार होती.

मुक्ताबाईंनी कागद उघडताच हात मागे घेतला.

"बिब्बा हाय ह्यो. ह्याच्या चिकानं फोड येत्यात. कुनाला लय बाधतो, कुनाला न्हाई."

लाकूड आधी का पाहिलं नाही, असं अरुंधतीनं विचारलं.

"मला सैपाकघराच्या भाईर कुनी बोलावलंच न्हाई, बाय."

त्या न बोलावता परत आल्या. लाकूड जाळू नका, धूरही बाधतो, असं त्यांनी बजावलं आणि ते पुरायला लावलं. सरोजिनीच्या हातांना खोबरेल लावलं. डॉक्टरांनी मुलांची पाठ थोपटली. आता नेमकं औषध देता येईल, म्हणाले.

काका दारात आले.

"मुक्ताबाई, चूक माझी. या दोघांनी विचारलं, म्हणून कळलं. मी कुणालाच विचारलं नाही."

मुक्ताबाईंनी मऊ भात कालवला, वर तूप सोडलं आणि डोळे मिटलेल्या सरोजिनीच्या ओठांशी घास नेला. दोन दिवसांत प्रथमच तिनं तोंड उघडलं.

"अजून," ती म्हणाली.