झपाटा थांबला नाही तर?

"आजोबा, कॅप्टन झपाटा नुसता पळतो. डोंगर उचलत नाही, डोळ्यांतून आग ओकत नाही. मग चित्रकथेच्या पुस्तकात त्याला सगळ्यात ताकदवान का म्हणतात?"

हरेश्वर आजोबांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. आयुष्यभर त्यांनी निर्वात नळीतल्या गाड्यांचे (हवा काढून घेतलेल्या बोगद्यातून सुसाट जाणाऱ्या गाड्यांचे) ब्रेक बनवले होते. निवृत्त झाल्यावर निवांत बसावं म्हणून अलिबागजवळच्या आपल्या गावी आले. कसलं निवांत आणि कसलं काय! आज नेमका जत्रेच्या दिवशी माल चढवणारा यंत्रमानव बंद पडला. मग सगळं घर शेतात रांगेत उभं राहिलं आणि अख्खा ट्रक कलिंगडांनी हातोहात भरला. आजोबांची कंबर पार कामातून गेली होती. आता त्यांना जत्रा नको होती, जेवण नको होतं, कुणाचे प्रश्न तर मुळीच नको होते.

"उद्या विचार गं, तन्मयी," ते पुटपुटले.

"उद्या काय उपयोग? नाटक आज संध्याकाळी आहे! मी झपाटा झालेय. ओजस मचाणावरून उडी मारणार आणि मी सुसाट येऊन त्याला हवेतच उचलून नेणार. वेगबुटांचं कुलूपसुद्धा काढलंय मी."

आजोबांचे डोळे खाडकन उघडले. मोटर बसवलेल्या त्या बुटांना मुलांसाठी वेगाचं कुलूप असे, ताशी वीस किलोमीटरचं. ते काढलं की बूट साठने पळत. आणि ओजस, तन्मयीचा धाकटा भाऊ, होता अवघा सहा वर्षांचा. तो समोरच बसून कलिंगडाच्या बिया थुंकण्यात दंग होता.

"सराव केलास?" आजोबांनी विचारलं.

"केला की! उशी टांगून. एकदाही चुकले नाही."

"उशी," आजोबा म्हणाले. त्यांना एकदम फार म्हातारं झाल्यासारखं वाटलं. बूट काढून घेणं सोपं होतं. पण ही कार्टी दुसऱ्याचे मागून आणणार, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते कण्हत कण्हत उठून बसले.

"ऐक. पळणाऱ्या प्रत्येक वस्तूत गतिज ऊर्जा असते (वेगामुळे तिच्यात भरलेली ऊर्जा). तुझा झपाटा आवाजाच्या तिप्पट वेगाने पळतो म्हणे. तेव्हा त्याच्या एकट्याच्या अंगात किती ऊर्जा असेल? वीस टनांचा भरलेला ट्रक ताशी दोनशे किलोमीटरने धावतोय असं समज, तेवढी."

"बाप रे! म्हणजे तो खरंच ताकदवान आहे!"

"आहे ना. तेवढं एकदा पळायला झपाट्याला दोनशेएक भाकऱ्या खाव्या लागतील, हवेचा अडथळा धरला नाही तरी. ते चित्रात कोणी दाखवत नाही. आता मुद्द्याचं. वेग दुप्पट केला तर ऊर्जा किती होईल?"

"दुप्पट."

"चौपट! आणि तिप्पट केला तर नऊपट. वेगाला वेगानेच गुणायचं असतं. कुलूप काढून तू वेग तिप्पट केलास. म्हणजे ऊर्जा?"

"नऊपट," तन्मयी हळूच म्हणाली. मग लगेच तिची मान ताठ झाली. "पण मी त्याला धडकणार नाहीये. मी त्याला वाचवणार आहे!"

आजोबांना वाद घालायचं त्राण नव्हतं. त्यांनी कुलूप पुन्हा लावायला लावलं, अंगणातल्या वाळूत एक उंच स्टूल ठेवलं आणि त्यावर एक कलिंगड.

"हा ओजस. साध्या वेगाने ये आणि वाचव."

तन्मयी आली, हात पसरून, अगदी झोकात. तिच्या हातांचा नुसता फटका बसला. कलिंगड उडालं, वाळूत आपटलं आणि फुटलं. लाल गर तिच्या कपड्यांवर उडाला.

"ए, हा मी आहे ना?" ओजस धावत आला आणि वाळू न लागलेला एक तुकडा उचलून खाऊ लागला.

तन्मयी त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिला रडू फुटलं.

आजोबांनी तिला जवळ घेतलं. "वाचवायला गेलीस की धडकायला, हे कलिंगडाला कळत नाही गं. ते जागेवर होतं, तू वेगात होतीस. एका क्षणात त्याला तुझा वेग घ्यावा लागला. वेग जितक्या कमी वेळात बदलतो, तितका मार मोठा. उशी मऊ म्हणून निभावली. आणि हे साध्या वेगाचं झालं, बरं का."

"मग झपाटा कुणाला वाचवूच शकत नाही?" तिने नाक पुसत विचारलं.

"सकाळपासून रांगेत किती कलिंगडं झेललीस? एक तरी फुटलं?"

"नाही. पण ते वेगळं. फळ आलं की हात मागे न्यायचे, त्याच्यासोबत आपणही मागे जायचं. बाबांनीच शिकवलंय." बोलता बोलता ती थांबली. "म्हणजे मी त्याचा वेग हळूहळू कमी करत होते!"

"हुश्श," आजोबा म्हणाले आणि पुन्हा आडवे झाले.

संध्याकाळी जत्रेत झपाटा दूरवरून सुसाट आला खरा, पण कुलूप लावलेल्या बुटांनी. मचाणाच्या बऱ्याच आधी त्याने ब्रेक लावला आणि चालत पुढे आला. पोरं ओरडली, "ए झपाट्या, चार्जिंग संपलं का रे?" तन्मयीचे कान तापले, तरी तिने पावलं उचलण्याची घाई केली नाही. तिने हात वर केले. ओजसने उडी मारली. त्याच्यासोबत हात खाली आणत, मागे सरत ती तिथे अंथरलेल्या गादीवर बसली. ओजस तिच्या मांडीवर होता, धडधाकट.

"घाबरला होतास?" तिने कुजबुजत विचारलं.

"छे! तू होतीस ना. तू तशी सुसाट पळत आली असतीस तरी मी मारलीच असती उडी."

तन्मयीला ते फुटलेलं कलिंगड आठवलं. तिने त्याला इतकं घट्ट धरलं की तो "सोड ना!" म्हणून ओरडला.

पडदा पडल्यावर ती पहिल्या रांगेत पेंगणाऱ्या आजोबांजवळ येऊन बसली.

"आजोबा, समोर माणूस आहे हे ओळखून आपोआप हळू होतील, असे बूट बनवता येतील?"

आजोबांनी एक डोळा उघडला.

"येतील की. पण मी दमलोय. ते आता तू बनव."