सातव्यांदा बदललेलं लॅच

आधी ते मोबाइल खाली ठेवा. एक कान इकडे आणि एक डोळा तिकडे, असल्यांना मी गोष्ट सांगत नाही. आणि ही ऐकीव नाही. किल्लीवाला माझ्या शेजारच्याच गाळ्यात बसायचा. कारागीर पक्का, पण माणूस? अति शहाणा त्याचा बैल रिकामा!

त्याचा शाळेपासूनचा दोस्त शिंपी. सगळे त्याला मास्तर म्हणायचे. बायको वारल्यावर मास्तर एकटा पडला आणि वर्षभरात त्याचं बिनसलं. झोप नाही, जेवण नाही. किल्लीवाल्याला दिवसाला वीस फोन. "माझ्या घराची किल्ली कुणाकडे तरी आहे. दिवा घालवला की कोणीतरी दार उघडून आत येतं. काही करत नाही रे. नुसतं उभं राहतं."

मास्तरची बहीण शहाणी. गाळ्यावर येऊन म्हणाली, "दादा, हा आजार आहे. डॉक्टरकडे चल म्हटलं तर माझ्यावरच खेकसतो. तुमचं ऐकेल तो."

आमचे दीडशहाणे काय म्हणाले? "ताई, रिकामं डोकं आहे, दुसरं काही नाही. मी बघतो."

कसं बघितलं ते ऐका. मास्तरनं बोलावलं की हा जायचा, लॅच खोलायचा, तेल द्यायचा आणि तेच परत बसवायचा. मास्तरच्या हातावर जुन्याच किल्लीची नवी, चकचकीत नक्कल! असं सहा वेळा. वर गाळ्यासमोर उभं राहून मास्तर दार कसं ढकलून ढकलून बघतो, त्याचीही नक्कल करायचा. लोक खो-खो हसायचे. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. ताप आला तर डॉक्टर आणि मन आजारी पडलं तर टिंगल, एवढीच आपली अक्कल.

अकरा नोव्हेंबर, मंगळवार, संध्याकाळचे पावणेआठ. सकाळीच मास्तरचा फोन येऊन गेला होता, म्हणून हा सातव्यांदा निघाला. पिशवीत स्क्रू ड्रायव्हर आणि तेलाची बाटली. नवं लॅच नव्हतंच. तिसरा मजला चढला. बेल दाबली.

"कोण?" आवाज मास्तरचाच.

"मी. उघड."

"तू लॅच बदललंस ना?"

"सहा वेळा! किती वेळा विचारशील?"

"मग जुनी किल्ली लागणार नाही."

दाराखालून किल्ली सरकत बाहेर आली. काळी पडलेली. पहिली.

"लावून बघ."

ह्याच्या तोंडचं पाणी पळालं. "अरे... नाही लागणार ती."

ह्यानं दाराला कान लावला.

"मास्तर?"

...

"लाव."

लावली. फिरली. दार उघडलं.

अंधार. ह्यानं दिवा लावला. खोली रिकामी. स्वयंपाकघर रिकामं. न्हाणीघरात पाहिलं. पलंगाखाली पाहिलं. कोणी नाही.

मास्तरच्या बहिणीला फोन लावला. "मास्तर कुठंय?"

"दवाखान्यात. दुपारी दोनला घेऊन आले. आज स्वतःच चल म्हणाला. सहा वेळा लॅच बदलूनही तो येतो, म्हणजे मीच बिघडलोय, असं म्हणून रडला हो. आता झोपलाय. मी उशाशीच बसलेय."

हा दार उघडं टाकून पळाला. दोस्ताला भेटायला दवाखान्यात नाही गेला, नुसता पळाला. असा हा दोस्त! मास्तर तीन महिन्यांत सावरला. गोळ्या घेतो, कपडे शिवतो, त्याच घरात शांत झोपतो. त्याच्याकडे आता कोणी येत नाही.

पण त्या रात्री किल्लीवाला घरी पोचला, तर बायको आणि दोन मुली दाराबाहेर जिन्यात. पाच मिनिटांसाठी खाली गेल्या होत्या म्हणे. किल्ली फिरत होती. दार हलत नव्हतं.

आतून कडी.

बायकोनं विचारलं, "आत कोण आहे?"

हा एक पायरी मागे सरकला.

शेवटी शेजाऱ्यांनी दार फोडलं. मी होतो तिथं. घरात कोणी नाही. खिडक्यांना गज. वाऱ्यानं लागली असेल, असं अजून सांगतो मूर्ख. ती कडी मी ह्या डोळ्यांनी पाहिली. पुरती सरकवलेली... आणि मूठ खाली वळवून ठेवलेली.