प्रिमितिवाच्या नावाचा अंगठा

दार लोटून घ्या रे, वारा आत येतोय. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

हिलारियो माझा जोडीदार. मी जीप चालवायचो, तो अंगठ्याचं मशीन घेऊन म्हाताऱ्या पेन्शनवाल्यांची 'जिवंत आहे' अशी नोंद करत फिरायचा. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. एक नोव्हेंबर, रात्रीचे सव्वाअकरा. ओरुरोच्या पठारावरचं शेवटचं घर, प्रिमितिवा आजीचं. बाराच्या आत अंगठा जुळला नाही, तर आजी कागदोपत्री मेलेली!

मेजावर गेलेल्यांसाठी पाव मांडलेले, मेणबत्त्या पेटलेल्या. त्या दुपारी बाराला मेलेले घरी आलेले असतात, दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला परत जातात. तुम्हाला काय सांगायचं.

आजीची बोटं जन्मभर लोकर वळून गुळगुळीत झालेली. दहाही लावून झाली. प्रत्येक वेळी लाल दिवा.

"आज मला मेलेली लिहिलंस ना लेकरा, तर उद्या ते मला घेऊन जातील," आजी रडायलाच लागली. "मोजून नेतात रे, एकही कमी चालत नाही त्यांना."

"गप गं आजी! तुझी बडबड ऐकून तेच पळून जातील," हिलारियो म्हणाला. पण त्याला तिची दया आली होती. अकरा अठ्ठावन्नला त्यानं स्वतःचाच अंगठा टेकवला.

"अरे येड्या, नाव तिचं नि अंगठा तुझा, जुळेल कसा?" मी म्हणालो.

जुळला. हिरवा दिवा. 'प्रिमितिवा. जिवंत.'

आजीनं त्याचा हात कपाळाला लावला. मशीन बंद करायला त्याला स्वतःची ओळख द्यावी लागायची. त्यानं तोच अंगठा पुन्हा ठेवला.

'अशी व्यक्ती नाही.'

पुन्हा ठेवला... 'अशी व्यक्ती नाही.'

"मशीन गारठलंय," मी म्हणालो. खोटं बोललो, पोरांनो. माझीही पाचावर धारण बसली होती.

रात्री तिथंच थांबलो. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला पाच कमी होते. घरचे सगळे मेजाभोवती, प्रार्थना चाललेली. हिलारियो माझ्या शेजारी. खांद्याला खांदा.

"कोणीतरी हाक मारतंय," तो म्हणाला.

"कोण?"

त्यानं दाराकडे मान वळवली...

बारा वाजले. मेणबत्त्या विझल्या. सगळ्या.

मी वळलो. शेजारी...

कोणी नव्हतं.

बाहेर धावलो. जीप जागेवर. चार कोस मोकळं पठार, माणूस दिसला नाही. आजपर्यंत दिसलेला नाही. आजी मात्र अजून पेन्शन घेते. तिचा काय दोष? पण मला तिच्याकडे बघवत नाही.

त्या दुपारी मेज आवरताना आजीच्या लेकीनं एक पाव माझ्यापुढे धरला. आपण करतो तसला, बाळाच्या आकाराचा. आम्ही यायच्या आदल्या दिवशी तिनंच भाजलेला. "सगळ्या पावांना तोंडं बसवली होती मी," ती म्हणाली.

त्या पावाला तोंड नव्हतं. तिथं अंगठा उमटला होता. खोल, भाजून कडक झालेला. मधोमध आडवा व्रण. जीपचं टायर बदलताना हिलारियोच्या अंगठ्याला लागलं होतं, मीच फडकं बांधलं होतं त्याला.