मुंढ्याची खूण

भावजयीने नवी चादर झटकून पलंगावर पसरली मात्र, आणि ताईच्या हातातली कात्री गळून पडली!

“बघा वन्सं, तुमच्या भावाचं डिझाइन! यांच्या चादरींच्या कारखान्यात पहिलं आलं!” भावजय कौतुकाने फुगली होती. आणि ताई त्या वेलीकडे बघतच राहिली... वेल तिची होती!

आई गेली तेव्हा धाकटा नऊ वर्षांचा. त्याला चित्रकला शिकता यावी म्हणून ताईने शाळा सोडून शिलाई मशीनला पाय लावले, लग्नाचं वयही त्या मशीनवरच घालवलं. पण गेली बारा वर्षं रोज दुपारी, जेवणाआधी, कटिंगचा एक कागद उलटा करून त्यावर एक चित्र काढायचंच, हा तिचा नेम! पहिली दोन वर्षं पान काढलं तर कानासारखं दिसे. “ताई, तुझी सुईच बरी,” म्हणून धाकटा खदखदून हसे. ती अपमान गिळे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पेन्सिल धरे. हळूहळू हात धीट झाला... कुणाला दाखवायची छाती मात्र झाली नाही.

आणि या दिवट्याने वेल उचलली, तीही आंधळेपणाने! कागदातून आरपार उमटलेल्या मुंढ्याच्या दोन रेघा, बाही कुठे जोडायची ते सांगणाऱ्या, त्याने तशाच्या तशा गिरवल्या होत्या. चादरभर त्याच रेघा!

धाकटा दारात आला. ताईने रेघेवर बोट टेकवलं.

“हे काय रे?”

“काटे... वेलीचे.”

“काटे? अरे शहाण्या, चादरीला बाह्या लावणार होतास का?”

तो पांढराफटक पडला. “ताई, कोरा कागद बघितला की मला घाम फुटतो गं! साहेबांना अजून दहा हवीत... दे ना! तू तर माझी आईच!”

“आईचं नाव घेऊन चोरी पचवतोस?” तिने चित्रांचा अख्खा गठ्ठा त्याच्या छातीवर आदळला. “उद्या हा साहेबांपुढे ठेव आणि खरं बोल. नाहीतर बहीण मेली समज!”

“वन्सं, नोकरी जाईल हो यांची!” भावजयीने हंबरडा फोडला.

“जाऊ दे.”

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो परतला आणि ताईच्या मांडीत डोकं खुपसून हमसाहमशी रडला. “सांगितलं... सगळ्यांसमोर! ताई, मला क्षमा कर गं!”

तिचं काळीज पिळवटलं. बोटं त्याच्या केसांतून फिरू लागली. “केली रे, केली...”

“मला काढलं. माझ्या जागी तुला बोलावलंय...” त्याने ओले डोळे वर केले. “तू नाही म्हणालीस, तर कदाचित मला परत घेतील.”

भावजय आशेने पुढे सरकली. जन्मभर त्याने मागावं आणि ताईने द्यावं, हीच तर या घराची रीत!

ताईने अतीव मायेने त्याचे डोळे पुसले, आणि विचारलं,

“किती वाजता यायला सांगितलंय?”