हवा धरलेला पंप

हसा, हसा. एसीत बसून कॉम्प्युटर बडवणाऱ्यांना पंपाची भीती कशी वाटणार? निकिता, दिवा लावू नकोस. हे माझ्या शेजारच्या सर्जेरावाच्या बाबतीत घडलंय. मला गोष्टी रचायची हौस नाही.

हिंजवडीत एका आयटी कंपनीच्या तळघरात सांडपाणी साफ करायचा प्लांट होता. सर्जेराव तिथला सुपरवायझर. पाण्यात कॉस्टिक, म्हणजे कातडी जाळणारं रसायन, सोडायला एक छोटा पंप असतो. टक... टक... दर ठोक्याला पिंपातून ठरलेलं माप ओढतो आणि पुढे ढकलतो. पण नळीत हवा शिरली की नुसतेच ठोके. मग वरचा स्क्रू सैल करून हवा काढायची. त्याला वेळ लागतो आणि सर्जेराव कायम घाईत. २००५ साली तो नागोराव ऑपरेटरवर खेकसला, "नाटकं पुरे. तोंडाने ओढ नळी!"

नागोरावाने ओढली. तोंड, घसा, सगळं जळलं. आठवड्यात गेला बिचारा. चौकशीत सर्जेराव म्हणाला, "मी कुठे सांगितलं? त्याने मनाने केलं." मेलेला माणूस काय खोडून काढणार!

२००६ ची लक्ष्मीपूजनाची रात्र. अकराचा सुमार. वॉचमनचा फोन आला, पंपाचा अलार्म वाजतोय. सर्जेराव शिव्या घालत गेला. तळघरात एकटाच उतरला. पाहतो तर नळी कोरडी. हवा धरलेली. त्याने बटण बंद केलं. पंपाकडचं नळीचं टोक सोडवून हातात घेतलं.

टक.

पंप तर बंद होता...

टक... टक.

नळीत कॉस्टिक चढू लागलं. पिंपातून वर. त्याच्या हाताकडे. बोटांना कोणाचा तरी श्वास लागला. गरम.

"साहेब... आता तुम्ही ओढा."

हात वर निघाला. आपोआप. नळी ओठांना लागली...

"मीच सांगितलं होतं!" तो किंचाळला. "सोड मला, नागोराव! सकाळी सगळं कबूल करतो!"

ठोके थांबले. कॉस्टिक खाली उतरलं. नळी तिथेच टाकून तो पळाला.

सकाळी मॅनेजरने विचारलं, "काय हो, रात्री काय झालं?"

"काही नाही साहेब. पंपाने हवा धरली होती."

निर्लज्ज माणूस! अजून चीड येते मला.

संध्याकाळी तो घरी आला, स्वतःच्या हाताने कुलूप काढलं आणि ओरडला. मी धावत गेलो. तेव्हा कुठे त्याने मला हे सगळं सांगितलं. उशीवर ती नळी पडली होती. ओली. टोकावर दातांच्या खुणा. नागोरावाला पुढचा एक दात नव्हता...

खुणांत तेवढीच जागा कोरी होती.