हातोडीची दांडी

आर्वीच्या स्टँडवर उतरताना हिरालाल स्वतःवर भलताच खूश होता. वर्ध्यात हार्मोनियमच्या पेट्या दुरुस्त करणारे पाच-सहा जण निघतील, पण शंभर वर्षांच्या पियानोचं पोट उघडायची हिंमत असलेले आपण एकटेच, असं त्याचं प्रामाणिक मत होतं. त्यातून आजचं काम आलं होतं ते थेट उस्तादांच्या शिफारशीवर. बापूरावांनी आजवर कुणाबद्दल चांगला शब्द काढलेला त्याला आठवत नव्हता.

बापूराव म्हणजे त्याचे गुरू. अशाच एका वैशाखात त्यांनी अचानक काम सोडलं आणि ते घरी बसले. तेव्हापासून त्यांच्या उजव्या हाताचं मधलं बोट खाटेच्या लाकडावर आपटत असायचं. ठक... ठक ठक. जागेपणी आणि झोपेतही. डॉक्टर म्हणाले, शिरेचा दोष आहे. बिचारे डाव्या हातानं जेवायचे. हिरालाल मात्र आपल्या मुलीला, सुरभीला, कौतुकानं सांगायचा, "उस्तादाच्या डोक्यात अजून बाजा चालू हाये." सुरभी त्याच्याच हाताखाली हे काम शिकत होती. आजही यायला निघाली होती. ऊन फार आहे म्हणून त्यानं तिला घरी ठेवलं.

गावाबाहेरचा तो बंगला कधीकाळी कापसाच्या गोऱ्या व्यापाऱ्याचा होता. आता भोवतालचं शेत, त्याला कामाला बोलावणाऱ्या आनंदाबाईंच्या घरच्यांनी घेतलेलं. शेतासोबत बंगला आला आणि बंगल्यासोबत आतला पियानो. तो दारातून बाहेर निघेना, म्हणून तिथंच राहिला. चारी बाजूंनी सोयाबीनची पोती रचलेली, मधे हे काळं धूड.

"आमच्या पोराले, मुकेशले, इथं पाहुण्यांची सोय करायची हाये," आनंदाबाई उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या. "वाजला तर बरं दिसंन. बापूरावबी याच खोलीत राबले. जोडे अन् मोडे, जोडे अन् मोडे. मंग औजारं सोडूनच गेले. दरसाल इचारलं त्याईले, येता का म्हणून. यंदा म्हणाले, मी नाई, हिरालाल येईन."

"या ना आत, पाहा तरी."

"नाई बापा. मी इथंच बरी." उन्हाची झळ आत येऊ नये म्हणून त्यांनी दार ओढून घेतलं आणि त्या शेतापलीकडच्या नव्या घरी आडव्या व्हायला गेल्या.

खिडक्या आधीच बंद होत्या. भर दुपारी खोलीत अंधार, आणि कूलरची घरघर. कोंदट लोकर, उंदीर आणि ओल्या वाळ्याचा वास. हिरालालनं बॅटरी लावली, बसायचं कातडी गादीचं स्टूल भिंतीकडे सरकवलं आणि एकेक पट्टी दाबून पाहिली. मधली एक पट्टी मुकी निघाली. पट्टी दाबली की आत तारेवर आपटणारी जी हातोडी असते, तिची दांडी मोडली असणार.

पियानोच्या पट्ट्या आणि हातोड्यांचा सांगाडा खणासारखा पुढं ओढून काढावा लागतो. तो ओढताना एकही पट्टी दाबली जाता कामा नये. दाबली, की तिची हातोडी वर उठते, वरच्या जाड लाकडाला अडते आणि दांडी काडीसारखी मोडते. बापूरावांनी पहिल्याच दिवशी हे शिकवलं होतं, तेही कान पिळून.

त्यानं जपून सांगाडा काढला. नवी दांडी घासून बसवली, सरस लावला, वाळू दिला. सांगाडा आत सरकवला आणि पट्टी दाबली. सूर असा गोड निघाला की तो एकटाच हसला. मग हातोडी जरा तिरकी वाटली, म्हणून त्यानं सांगाडा पुन्हा ओढला.

काड्!

तीच दांडी. आपली बाही लागली असेल, असं म्हणत त्यानं स्वतःला शिवी घातली, बाह्या कोपरापर्यंत चढवल्या आणि पुन्हा सगळं केलं. या खेपेला ओढताना डोळे पट्ट्यांवरून हलवले नाहीत. सांगाडा अर्ध्यावर आला आणि ती मधली पट्टी खाली गेली. सावकाश. वर बोट नव्हतं, काही नव्हतं.

काड्!

तेवढ्यात वीज गेली. कूलर थांबला आणि खोलीत इतकी शांतता झाली की स्वतःचा श्वास त्याला परक्याचा वाटला. खरं तर तेव्हाच निघायचं. पण उस्तादाला काय सांगणार? त्यानं तिसरी दांडी बसवली. या वेळी डाव्या हातानं सांगाडा ओढायचा आणि उजवा हात आत घालून ती हातोडी वरून दाबून धरायची, असं ठरवलं. मग बघू कशी उठते ते.

ती उठली.

त्याचं मधलं बोट हातोडी आणि वरच्या लाकडाच्या मधे सापडलं. लोकर गुंडाळलेली एवढीशी हातोडी, तिच्यात असं बळ कुठून यावं? त्यानं हात ओढला. निघेना. डाव्या हातानं पट्टी वर उचलू गेला, तर पट्टीवर वजन होतं. गार वजन.

"बाई... आनंदाबाई..."

पोत्यांनी आवाज गिळला. बंद दार, बंद खिडक्या, शेतापलीकडे झोपलेली माणसं. हात तुटला तरी कुणी येणार नव्हतं. या हातावरच त्याचं घर चालत होतं. तो लहान मुलासारखा रडायला लागला.

मग शेजारी कातडं करकरलं. भिंतीकडे सरकवलेलं स्टूल त्याच्या मांडीला लागून होतं आणि त्याची गादी खोलगट दबली होती.

हातोडी त्याच्या बोटावर वाजू लागली. हळू, शिकवल्यासारखी. ठक... ठक ठक. ठक... ठक ठक. हा ठेका त्यानं खाटेच्या लाकडावर वर्षानुवर्षं ऐकला होता.

"सोडा... मले घरी जाऊ द्या..."

पट्टी वर आली.

औजारं तिथंच टाकून तो पळाला. बसमधे बोट दहादा पाहिलं. ओरखडासुद्धा नव्हता. पुलगाव यायच्या आत ते समोरच्या सीटच्या दांड्यावर आपोआप आपटायला लागलं. डाव्या हातानं दाबलं, मुठीत आवळलं. मुठीतही ते हलत राहिलं.

घरी न जाता तो दिवेलागणीला बापूरावांकडे पोचला. गमछा उजव्या हाताला गुंडाळलेला. दारातच बापूरावांची बायको, अन्नपूर्णाकाकू, भेटल्या. चेहरा फुललेला.

"देवच पावला रे हिरालाल! दुपारपासून बोट थांबलं त्याईचं. उजव्या हातानं जेवले आज. आता कसे शांत झोपून राह्यले, पाय."

बापूराव झोपले नव्हते. त्यांनी हिरालालच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. ते गमछ्याकडे पाहत होते. डोळ्यांत पाणी होतं, आणि त्या पाण्यात सुखही होतं, हे हिरालालला सहन झालं नाही.

"उस्ताद... तुम्ही मले काऊन पाठोलं?"

त्यांनी दाराकडे, काकूंकडे एक नजर टाकली. मग काकूंना ऐकू जाणार नाही असं कुजबुजले, "दुसरा कोणी तिथं गेल्याबिगर ते सोडत नाई... तुह्या हाताखाली सध्या कोण शिकून राह्यलं?"

हिरालालच्या डोळ्यांपुढे सुरभी आली.

"कोणीच नाई," तो म्हणाला.

गमछ्याखालचं बोट एकदम थांबलं. कुणीतरी कान देऊन ऐकावं, तसं. आणि मग, पहिल्यापेक्षा हळू, पुन्हा वाजू लागलं.