रॅक पसंत पडेना

प्रज्वल पहिल्यांदा दुकानात आला तो खांद्यावर गोधडी घेऊन. ऐन मे महिन्यात. काउंटरवर ठेवून उलगडली, तर आत अ‍ॅम्प्लिफायर.

"याला पेटी पायजे. वायरी लावलेल्या तशाच राहतील अशी," तो म्हणाला.

शहापुरातलं हे साउंडचं दुकान सुनिलकाकाचं. लग्नसराईत काका बाहेर, म्हणून काउंटरवर मी. प्रज्वल डोळखांबकडचा, हळदीला बँजो वाजवणारा. मुरबाडच्या एका हळदीत टेम्पोच्या धक्क्यांनी वायरी निघाल्या, गाणं अर्ध्यात बंद पडलं आणि नवऱ्याच्या मामाने सगळ्यांदेखत त्याची खरडपट्टी काढली. अशी पेटी, म्हणजे रॅक, त्याला लागणारच होता.

मी चाकांचा दाखवला.

"आमच्या दगडधोंड्यांच्या वाटेला चाकं कुठं फिरवू?"

बरोबर होतं. पुढच्या खेपेला बिनचाकांचा प्लायवूडचा दाखवला. तो जड निघाला. मग फायबरचा काढला – हलका, दोन्ही बाजूंनी झाकणं. अ‍ॅम्प्लिफायर आत चपखल बसला, मागे वायरींना जागाही उरली. त्याने झाकणाची खिट्टी लावली, काढली... माझ्याकडे पाहिलं, परत लावली.

"आवाज फार करते ही."

शेजारच्या गावात ऐकू जाईल असा बँजो वाजवणारा माणूस खिट्टीच्या आवाजाला नाक मुरडत होता. त्यापुढच्या खेपेला त्याला रंग फार काळा वाटला. त्या दिवशी मी केसांत अबोली माळली होती. ती कुणासाठी, हे मला चांगलं ठाऊक होतं.

मग मुरबाडचा एक ऑर्केस्ट्रावाला आला आणि त्याने नेमका तोच रॅक मागितला. तसा एकच शिल्लक होता. संध्याकाळी सांगते म्हणून त्याला परत पाठवलं आणि प्रज्वलला फोन केला. मिळेल ती जीप पकडून तो आला.

"देऊन टाका त्याला," तो म्हणाला.

"आणि तुमचा अ‍ॅम्प्लिफायर?"

"जाईल गोधडीत."

"परत वायरी निघतील. परत कोणाचा तरी मामा ओरडेल."

"ओरडू दे." तो रॅककडेच बघत होता. "हा घेतला तर... मग मी इथं कशाला येऊ, स्नेहल?"

नावाने हाक त्याने पहिल्यांदाच मारली. मला तो आवडत होता, फार आवडत होता. पण माझ्यापायी स्वतःचा धंदा बुडवणारा माणूस आवडून भागणार नव्हतं.

"रॅक घेऊन जा," मी म्हटलं. "आत्ता."

त्याचा चेहरा उतरला. त्याने रॅक उचलला.

"आणि रविवारी घरी या. तानसाला. बाबा असतात."

"बाबांना काय सांगू... कशाला आलो?"

"आईला घेऊन या. मग सांगायला नाय लागणार."

"आईला?"

"मुलगी बघायला एकटं कोण येतं?"

तो दारातच थांबला. रॅक त्याने परत खाली टेकवला.

"रविवारी हळद हाय ओ एक," तो म्हणाला. "सोमवारी चालेल?"

"चालेल," मी म्हटलं. "बाबांना सुट्टी घ्यायला सांगते."